आय.सी.यू.मधला रुग्ण आणि रक्ताची बाटली

घरातले माणूस अतिदक्षता विभागात, म्हणजे आपण ज्याला सरसकट आय.सी.यू. म्हणतो तेथे दाखल झाले, की तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाहेरच्या बाकड्यावर बसलेल्या नातलगांना तपासणीचा एक कागद दिसतो. दाखल करताना हिमोग्लोबिन ११ होते, आज ८ आहे. लगेच कुजबुज सुरू होते. "अरे, रक्त एवढं कमी झालं, मग हे लोक बाटली का चढवत नाहीत?" कुणी गावाकडे फोन लावतो, चार पोरे रक्त द्यायला जीपमध्ये बसतात. कुणाला वाटते पैशाचा प्रश्न असेल, तो हातउसने मागायला धावतो. आणि एवढे सगळे होऊन डॉक्टर सांगतात, "आज रक्ताची गरज नाही. सातच्या खाली गेलं तर बघू."

हे उत्तर ऐकून माणसे बिथरतात. आपला रुग्ण गरिबाचा म्हणून हयगय चालली आहे, असे त्यांच्या मनात येते. प्रत्यक्षात हे उत्तर गेल्या पंचवीस वर्षांत हजारो रुग्णांवर काळजीपूर्वक केलेल्या प्रयोगांतून आलेले आहे. ते नीट समजले तर डॉक्टरांशी भांडण होणार नाही, आणि जेथे खरोखर रक्त हवे तेथे घाई कशी करायची तेही कळेल.

शेतकरी बंधू-भगिनींनो, मी कृषी पदवीधर आहे, डॉक्टर नव्हे. माझे काम माती, बी-बियाणे आणि खताचे. पण विस्तार खात्यात इतकी वर्षे गावोगाव फिरताना सर्पदंश, औषध फवारताना झालेली विषबाधा, चिघळलेली जखम, न्यूमोनिया अशा कारणांनी आपली माणसे आय.सी.यू.त गेलेली मी पुष्कळ पाहिली. त्या निमित्ताने डॉक्टर मंडळींना विचारून, वाचून जे समजले ते आपल्या भाषेत मांडतो. रुग्णाचा निर्णय मात्र त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांचाच.

रक्त जाते कुठे?

प्रथम हिशेब मांडू. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असते. त्यातली तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. म्हणजे रोज जवळजवळ शंभरावा भाग पेशी मरतात आणि तेवढ्याच नव्या हाडांच्या मगजात तयार होतात. रक्ताच्या मापात सांगायचे तर रोज ४० ते ५० मिलिलिटर रक्ताची ही उलाढाल. निरोगी माणसाला गरज पडली तर मगज हे उत्पादन कित्येक पटींनी वाढवतो.

आता आय.सी.यू.तला रुग्ण घ्या. सकाळी साखर, दुपारी क्षार, संध्याकाळी प्राणवायूची तपासणी, मध्येच जंतूंची. प्रत्येक वेळी थोडे रक्त काढावे लागते. युरोपातल्या १४६ आय.सी.यू.ची पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली. तीत असे दिसले की एका रुग्णाचे दिवसाला सरासरी ४१ मिलिलिटर रक्त केवळ तपासण्यांसाठी जाते. दहा दिवसांत ४०० मिलिलिटर झाले. रक्तदान शिबिरात आपण ३५० मिलिलिटरची पिशवी भरतो, आणि तीही धडधाकट माणसाची. येथे आजारी माणसाचे त्याहून जास्त रक्त थेंबाथेंबाने जाते.

याशिवाय सलाईनने रक्त पातळ होते, त्यामुळे पेशी तेवढ्याच असूनही आकडा खाली दिसतो. आजाराच्या ताणाने जठराच्या आतून थोडा रक्तस्राव होऊ शकतो. मूत्रपिंडे मंदावली तर 'रक्त बनव' असा मगजाला निरोप देणारे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक कमी पडते. आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे अंगात लोह असूनही ते मगजाला मिळत नाही. हे शेतकऱ्याला समजावून सांगणे मला सर्वांत सोपे जाते.

चुनखडीच्या जमिनीतले लोह

उसावर केवडा पडतो तो आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. कोवळी पाने पिवळी-पांढरी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. माती तपासून आणली तर जमिनीत एकूण लोह भरपूर असते. मग पीक उपाशी का? जमीन चुनखडीची असते, सामू आठच्या वर असतो, आणि लोह अशा रूपात बांधले जाते की मुळांना ते उचलता येत नाही. अशा जमिनीत फेरस सल्फेट नुसते फेकले तर तेही काही दिवसांत बांधले जाते. म्हणून आपण ते शेणखतात मुरवून देतो, नाहीतर पाण्यात विरघळवून पानांवर फवारतो.

गंभीर आजारात माणसाच्या शरीरात असेच काहीसे होते. जंतुसंसर्ग झाला, अंगात दाह पेटला, की यकृत हेप्सिडिन नावाचे द्रव्य जास्त तयार करते. याचा शोध अगदी अलीकडचा, २००० सालाच्या आसपासचा. हे हेप्सिडिन लोहाच्या कोठारांना कुलूप घालते. आतड्यातून नवे लोह आत येत नाही आणि जुन्या पेशी मोडून निघालेले लोह साठवणाऱ्या पेशींच्या बाहेर पडत नाही. मगजाला नव्या पेशी बनवायला रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागते. त्यातले बहुतेक सगळे जुन्या पेशींतूनच परत मिळायचे असते, अन्नातून तर दिवसाला जेमतेम १ ते २ मिलिग्रॅमच शोषले जाते. कोठारालाच कुलूप लागले की मगजाचे काम अडते.

शरीर असा वेडेपणा का करते? तो वेडेपणा नाही. जंतूंनाही वाढायला लोह लागते. घरात चोर शिरला असताना शहाणा माणूस धान्याच्या खोलीला कुलूप लावतो, मग घरच्यांना एक वेळ अर्धपोटी राहावे लागले तरी चालेल.

यावरून दोन गोष्टी कळतात. एक म्हणजे, आय.सी.यू.तल्या रुग्णाला नळीवाटे लोहाच्या गोळीची पूड का देत नाहीत, याचे उत्तर मिळते. दिले तरी आतड्याचे दार बंद असते. दुसरी म्हणजे, फेरिटिन नावाची लोहसाठ्याची तपासणी अशा वेळी फसवी ठरते. दाहामुळे फेरिटिनचा आकडा फुगतो आणि साठा भरलेला दिसतो. मातीच्या अहवालात एकूण लोह भरपूर आणि उपलब्ध लोह नगण्य, तसाच हा प्रकार.

मग पानावर फवारतो तसे, शिरेतून लोहाचे इंजेक्शन का देत नाहीत? हा प्रश्न शहाण्या डॉक्टरांनाही पडला. ऑस्ट्रेलियात १४० रुग्णांवर तसा प्रयोग करून २०१६ साली त्याचा निष्कर्ष जाहीर झाला. इंजेक्शन दिलेल्यांना रक्ताच्या पिशव्या काही लक्षणीय कमी लागल्या नाहीत, पण इस्पितळातून घरी जाताना त्यांचे हिमोग्लोबिन थोडे वर होते, १०.७ विरुद्ध १०.० असे. म्हणजे उपाय निरुपयोगी नाही, पण ऐन गंभीर अवस्थेतला तो रामबाण नव्हे. जंतुसंसर्ग जोरात असताना तर डॉक्टर लोह देताना हात आखडताच घेतात. एरिथ्रोपोएटिनच्या इंजेक्शनचेही तसेच. सुमारे दीड हजार रुग्णांवर केलेल्या व २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात रक्त चढवण्याची गरज त्याने कमी झाली नाही, उलट शिरांत गुठळ्या होण्याचे प्रमाण वाढले. मूत्रपिंडाच्या जुन्या विकारात हेच औषध उत्तम काम करते. आय.सी.यू.त मात्र ते सरसकट देत नाहीत.

दहाचा आकडा आणि सातचा आकडा

राहता राहिला रक्त चढवण्याचा उपाय. पूर्वी डॉक्टरही हिमोग्लोबिन १०च्या खाली गेले की रक्त चढवत. हा दहाचा आकडा अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधील दोन डॉक्टरांनी १९४२ साली शस्त्रक्रियेच्या रुग्णांसाठी सुचवला होता. त्याला अनुभवाचा आधार होता, मोजून केलेल्या प्रयोगाचा नव्हता. तरी पन्नास वर्षे तो सगळीकडे चालला. आपल्याकडे बापजाद्यांनी ठरवलेले बियाण्याचे प्रमाण कुणी तपासून पाहत नाही, तसेच.

तपासून पाहिले ते कॅनडातल्या डॉक्टरांनी. २५ आय.सी.यू.मधले ८३८ रुग्ण त्यांनी घेतले. सगळ्यांचे हिमोग्लोबिन ९च्या खाली आलेले, पण कुणालाही चालू रक्तस्राव नव्हता. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला ७च्या खाली गेल्यावरच रक्त, दुसऱ्याला १०च्या खाली जाताच. आपल्या प्रात्यक्षिक प्लॉटसारखीच ही रीत, फक्त येथे वाफ्यांच्या जागी जिवंत माणसे, म्हणून जबाबदारी मोठी. १९९९ साली निकाल आला. पहिल्या गटाला सरासरी २.६ पिशव्या लागल्या, दुसऱ्याला ५.६. आणि ३० दिवसांत मृत्यू पावलेले पहिल्या गटात शेकडा १८.७, दुसऱ्यात २३.३. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो, असे संख्याशास्त्र सांगते. पण दुप्पट रक्त देऊन एकही जीव जास्त वाचला नाही, हे तर स्पष्ट झाले. पंचावन्नच्या आतल्या आणि त्यातल्या त्यात कमी गंभीर रुग्णांत तर कमी रक्त दिलेलेच निश्चितपणे जास्त जगले.

पुढे २०१४ साली डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे आणि फिनलंडमध्ये जंतुदोषाने रक्तदाब कोसळलेल्या सुमारे हजार रुग्णांवर ७ आणि ९ असे आकडे तपासले. मृत्यूचे प्रमाण जवळजवळ सारखेच निघाले, ४३ आणि ४५. स्पेनमधील बार्सिलोनात तर जठरातून रक्त जाणाऱ्या ९२१ रुग्णांवर प्रयोग झाला. मात्र भळाभळा रक्त जाणारे त्यात घेतले नव्हते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात ७ची मर्यादा पाळलेल्या गटातले ९५ टक्के रुग्ण सहा आठवड्यांनी जिवंत होते, आणि ९ला रक्त दिलेल्या गटातले ९१ टक्के.

हिमोग्लोबिन निम्म्यावर आले तरी शरीर निभावते कसे, हे नवल वाटेल. पण पाहा, तांबड्या पेशी म्हणजे प्राणवायू वाहणाऱ्या गाड्या. एरवी या गाड्या शरीरभर फिरून येतात तेव्हा सरासरी चौथा हिस्सा मालच उतरलेला असतो, तीन हिस्से तसेच परत येतात. गाड्या कमी पडल्या की प्रत्येक गाडीतून जास्त माल उतरवला जातो आणि हृदय गाड्यांच्या फेऱ्या वाढवते. रुग्ण पलंगावर पडून, झोपेच्या औषधावर, प्राणवायूच्या यंत्रावर असतो, त्यामुळे त्याची मागणीही कमी असते. ७च्या आसपास हे गणित बहुतेकांचे जमते. त्याखाली ओढाताण होऊ लागते.

दुसऱ्याचे रक्त हे काही टॉनिक नव्हे. रक्तपेढीत एच.आय.व्ही., कावीळ बी व सी, गुप्तरोग आणि मलेरिया यांची तपासणी सक्तीची असल्याने तो धोका आता फार कमी झाला आहे. पण ज्याचे फुफ्फुस आधीच सुजले आहे अशा रुग्णात एका पिशवीचे पाणीही जड होऊ शकते, दम लागतो. क्वचित फुफ्फुसाला वेगळीच इजा होते. आणि माणसांच्या चुकीने गट बदलला गेला, तर ती चूक प्राणावर बेतते. म्हणून उपयोग नसेल तेथे हा धोका पत्करायचा नाही, एवढाच डॉक्टरांच्या 'थांबू या' म्हणण्याचा अर्थ.

ज्यांना सातची रेघ लागू नाही

आता हे वाचून कुणी अपघातात रक्तबंबाळ झालेल्या माणसापाशी आकडे मोजत बसू नये. अपघात, बाळंतपणातला रक्तस्राव, पोटात फुटलेली नस, येथे ७ची वाट पाहायची नसते. रक्त वाहून जात असताना हिमोग्लोबिनचा आकडा सुरुवातीला खाली येतच नाही, कारण पाणी आणि पेशी दोन्ही एकदमच जातात. तेथे रक्तस्राव थांबवणे आणि रक्त देणे ही दोन्ही कामे धावपळीनेच व्हायला हवीत. बाळंतिणीच्या बाबतीत तर रक्तपेढी असलेल्या इस्पितळात वेळेवर पोचणे हाच निम्मा उपचार.

हृदयाचा झटका आलेल्या रुग्णाचे वेगळे. गाड्यांच्या फेऱ्या वाढवायच्या त्या हृदयाने, आणि तेच दुखावलेले. २०२३ साली अशा साडेतीन हजार रुग्णांवरच्या प्रयोगात १०च्या वर हिमोग्लोबिन ठेवलेल्या गटात पुन्हा झटका किंवा मृत्यू यांचे प्रमाण थोडे कमी दिसले, १४.५ विरुद्ध १६.९. फरक निर्णायक नाही, पण अशा वेळी डॉक्टर जास्त रक्त देतात ते उगाच नव्हे. डोक्याला मार लागलेल्या किंवा मेंदूत रक्तस्राव झालेल्या रुग्णांतही थोडे जास्त हिमोग्लोबिन राखणे हिताचे असावे, असे २०२४ सालच्या प्रयोगांवरून दिसू लागले आहे.

घोणस चावलेल्या माणसाबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण तो आपल्या बांधावरचा विषय आहे. घोणसीच्या विषाने रक्त गोठण्याची शक्तीच जाते. हिरड्यांतून, लघवीतून रक्त येते, आतल्या आत रक्तस्राव होतो. डॉक्टर काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटे स्थिर ठेवतात, न गोठल्यास विष भिनले असे समजतात. येथे मुख्य औषध म्हणजे सर्पविषावरील प्रतिविषाची लस. ती न देता नुसते रक्त चढवत राहिलात, तर नवे रक्तही त्याच विषाने बिघडते. म्हणून नातलगांनी रक्ताच्या मागे न धावता आधी लस मिळेल अशा ठिकाणी पोचावे.

आणि नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूर, अमरावती या बाजूला सिकलसेलचा आजार आहे. घरात कुणाला तो असेल तर दाखल होताक्षणी सांगावे. या रुग्णाला रक्त केव्हा व किती द्यायचे याचे गणितच निराळे, जास्त दिले तर रक्त घट्ट होऊन अपायच होतो.

रक्त चढवायचे ठरले तर

आमच्या भागातल्या एका शेतकऱ्याच्या पायाला विळा लागला. जखम चिघळली, जंतू रक्तात पसरले आणि मूत्रपिंडे मंदावली. आय.सी.यू.त हिमोग्लोबिन १०.५ वरून ७.४ वर आले तेव्हा धाकट्या भावाने हट्ट धरला, "डॉक्टरसाहेब, माझं रक्त घ्या. सख्ख्या भावाचं आहे, ताजं आहे." डॉक्टरांनी त्याला खुर्चीवर बसवून सांगितले, "दादा, तुमची माया कळते. पण आज गरज नाही, आणि लागलं तरी सख्ख्याचं नको." नवव्या दिवशी आकडा ६.८ झाला तेव्हा रक्तपेढीतून एक पिशवी आणली. दुसऱ्या दिवशी तपासले तर ७.९. भाऊ दुसरी पिशवी आणायला निघाला होता, त्याला परत बोलावले. एका पिशवीने साधारण एक ग्रॅम वाढते. चालू रक्तस्राव नसेल तर एक द्यावी, पुन्हा तपासावे, मग ठरवावे, अशी रीत आहे.

सख्ख्याचे का नको, याची आपल्याकडे कुणाला कल्पना नसते. रक्ताच्या नात्यात पेशींची ठेवण सारखी असते. त्यामुळे दात्याच्या पांढऱ्या पेशींना रुग्णाचे शरीर परके म्हणून ओळखत नाही, त्या आत ठाण मांडतात आणि रुग्णाच्याच शरीरावर उलटतात. हा प्रकार क्वचित घडतो, पण घडला तर बहुधा प्राणघातक ठरतो. नाइलाजाने जवळच्या नात्यातले रक्त द्यायचेच झाले तर त्यावर आधी किरणोत्सर्गाची प्रक्रिया करतात. तेव्हा मुलाने, भावाने रक्तपेढीत जरूर रक्त द्यावे, पण ते दुसऱ्या कुणासाठी.

'ताजे रक्त'ही तसेच. योग्य द्रावणात २ ते ६ अंशांवर ठेवलेल्या तांबड्या पेशी ४२ दिवसांपर्यंत वापरता येतात. सरासरी ६ दिवसांचे रक्त आणि २२ दिवसांचे रक्त यांची तुलना कॅनडा आणि युरोपातल्या २४०० हून अधिक गंभीर रुग्णांवर झाली. २०१५ सालच्या त्या निकालात ताज्या रक्ताने काही जास्त जीव वाचले नाहीत. दूध आणि भाजीचा ताजेपणाचा नियम येथे लावू नये.

लहान गावांतल्या इस्पितळांत पिशवी आणायला नातलगांनाच पाठवतात. तेव्हा ती रक्तपेढीने दिलेल्या थंड पेटीतच आणावी, थेट बर्फावर ठेवू नये, कारण गोठले की पेशी फुटतात. उन्हात किंवा गरम पाण्यात धरून 'कोमट' करण्याचा उद्योग तर मुळीच करू नये. वाटेत चहाला थांबू नये, पेटीतून काढल्यावर ताटकळत ठेवायला वेळ नसतो आणि चढवायला घेतल्यापासून ४ तासांत ती संपावी लागते. पिशवीवरचे नाव, रक्तगट आणि क्रमांक दोन कर्मचारी ताडून पाहतात. आपणही वाचून पाहिले तर त्यात कुणाचा अपमान नाही. रुग्ण शुद्धीवर असेल आणि पहिल्या पाव तासात त्याला हुडहुडी, अंगाला खाज, कंबरदुखी किंवा दम जाणवला, तर तत्काळ परिचारिकेला हाक मारावी.

पैसे घेऊन रक्त देणारा कुणी दारात भेटला तर त्याच्या वाटेला जाऊ नये. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ सालच्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून असे रक्त विकणे बंद झाले आहे. अशा रक्तातूनच रोग पसरत होते.

तपासण्यांमुळे जाणारे रक्त वाचवण्याचा एक साधा उपाय मला फार आवडला. कॅनडातल्या २५ आय.सी.यू.मध्ये नेहमीच्या नळ्यांऐवजी कमी रक्त ओढणाऱ्या लहान नळ्या वापरल्या. यंत्रांना तेवढे रक्त पुरते, एरवी उरलेले फेकूनच देतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात सर्व रुग्ण धरून केलेल्या हिशेबात दर १०० रुग्णांमागे सुमारे १० पिशव्या वाचल्या. ठिबकने पाणी वाचते तसे. आपल्या जिल्हा रुग्णालयांनीही हे करून पाहण्यासारखे आहे, खर्च जवळजवळ काहीच नाही.

घरातूनच रिकामे कोठार

जो माणूस १३चे हिमोग्लोबिन घेऊन आय.सी.यू.त जातो त्याला दहा दिवसांचा तोटा सोसतो. जी बाई ८ घेऊनच जाते तिच्यापाशी सोसायला काय शिल्लक असते? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळले. म्हणजे दर दोघींत एक. खुरपणीला, कापूस वेचायला जाणारी, सगळ्यांच्या मागून जेवणारी ही बाई 'जरा थकवा आहे' म्हणते आणि तो थकवा कुणी मोजत नाही. मातीचा नमुना प्रयोगशाळेत नेऊन जमिनीची आरोग्यपत्रिका काढणारी घरे मला ठाऊक आहेत, पण घरच्या लक्ष्मीचे हिमोग्लोबिन किती हे त्या घरांतही बहुधा सांगता येत नाही. ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. ठरवून करायची शस्त्रक्रिया असेल, गर्भाशयाची, हर्नियाची, गुडघ्याची, तर दोन-तीन महिने आधी हिमोग्लोबिन तपासून ते वाढवून घ्यावे. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री रक्त शोधण्यापेक्षा हे किती तरी स्वस्त.

घरी आल्यावर

आय.सी.यू.तून सुटका झाली म्हणजे रक्त भरून आले असे नाही. अनेकांचे हिमोग्लोबिन सहा महिन्यांनीही पूर्वपदावर येत नाही. हिशेब सोपा आहे. ४०० मिलिलिटर रक्ताबरोबर सुमारे २०० मिलिग्रॅम लोह गेले, आणि अन्नातून दिवसाला मिळते १-२ मिलिग्रॅम, तेही बरेचसे रोजच्या झिजेत जाते. म्हणून घरी आलेला माणूस जिना चढताना धापा टाकतो, औत धरवत नाही, आणि घरचे म्हणतात, आता बरा झालाय पण आळशी झालाय. तो आळस नव्हे. महिन्याभराने हिमोग्लोबिन पुन्हा तपासून घ्यावे. दाह ओसरला की लोहाच्या कोठाराचे कुलूप उघडते, आणि तेव्हाच लोहाच्या गोळ्यांचा खरा उपयोग होतो.

या गोळ्या डॉक्टरांनी एक दिवसाआड लिहून दिल्या तर चकित होऊ नये. गोळी घेतली की हेप्सिडिन दिवसभर थोडे वाढते आणि दुसऱ्या दिवशीची गोळी कमी शोषली जाते, असे स्वित्झर्लंडमध्ये स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात दिसले आहे. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, चहाबरोबर नको. जेवणावरचा चहा तासभर पुढे ढकलावा. मांसाहार चालत असेल तर त्यातले लोह चटकन अंगी लागते. शाकाहारी घरात हिरव्या पालेभाज्या, मटकी-मूग, अळीव, सोबत लिंबू किंवा आवळा, आणि बी-१२ साठी दूध-दही. बीट लाल असते म्हणून रक्त वाढते ही समजूत मात्र सोडून द्यावी, त्यात लोह थोडेच असते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय अंगदुखीच्या गोळ्या घेऊ नयेत, त्यांनी जठराला जखम होऊन रक्त पुन्हा आतून झिरपू लागते.

लोहाच्या गोळ्यांनी शौचास काळे होते, त्याला घाबरून गोळ्या बंद करू नयेत. पण शौच डांबरासारखे चिकट, काळेकुट्ट आणि उग्र वासाचे झाले, शिवाय चक्कर किंवा धडधड वाटू लागली, तर तो गोळीचा रंग नसून पोटातला रक्तस्राव असू शकतो. त्याच दिवशी इस्पितळ गाठावे आणि आय.सी.यू.तून मिळालेला सुटीचा कागद सोबत न्यावा.